नरकमुंगी आणि हुकाँगचे खोरे

कोणतीही मुंगी भिंगाखाली धरून पाहा. साखरेच्या डब्याला लागणारी बारीक मुंगी असो, अंगणातला मुंगळा असो, की आंब्याची पाने शिवून घरटे करणारी लाल मुंगी, तिचे जबडे आडवे चालतात. अडकित्ता आडवा धरून उघडझाप करावी तसे. आज जगात मुंग्यांच्या १४,०००हून अधिक प्रजातींची नोंद आहे आणि या बाबतीत त्यांच्यात अपवाद नाही. जबडे लांब असतील, आखूड असतील, सापळ्यासारखे झटक्यात मिटणारे असतील. पण चालणार डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे.

१९९६ साली मॉस्कोचे मुंगीतज्ज्ञ गेन्नादी द्लुस्की यांनी अंबरात सापडलेल्या एका मुंगीचे वर्णन छापले. तिचे जबडे या नियमात बसत नव्हते. दोन विळे हनुवटीपासून निघून वरच्या दिशेला, थेट कपाळाकडे वळलेले होते. कपाळाच्या बाजूला लांब ताठ केस होते. द्लुस्की यांनी तिच्यासाठी नवे कुल तयार केले आणि त्याला ‘हायडोमिरमेक्स’ हे नाव दिले. ग्रीक पुराणातले पाताळ म्हणजे हेडीस आणि मिरमेक्स म्हणजे मुंगी. प्रजातीचे नाव ‘सर्बेरस’. पाताळाच्या दारावर बसणाऱ्या तीन तोंडांच्या कुत्र्याचे हे नाव. पुढे अशा जबड्याच्या सगळ्याच लुप्त मुंग्यांना इंग्रजीत ‘हेल अँट’ म्हणू लागले. आपण नरकमुंगी म्हणू या.

ही मुंगी ज्या अंबरात सापडली ते अंबर मात्र मॉस्कोचे नव्हते. ते लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये होते आणि तिथे ते ब्रह्मदेशातून गेले होते. तेही अशा काळात, जेव्हा ब्रह्मदेश हा ब्रिटिश हिंदुस्थानचा एक प्रांत होता. ही मुंगी आपल्या साम्राज्यकालीन इतिहासातून, रत्नागिरी आणि मंडालेच्या नावांना स्पर्श करत गेली आहे. म्हणूनच कीटकशास्त्राचा विद्यार्थी नसतानाही तिच्यावर लिहावेसे वाटले.

आधी अंबराविषयी थोडे. आपल्याकडे अत्तराच्या दुकानात ‘अंबर’ मागितले तर वेगळीच वस्तू पुढे येते. अरबीत ‘अंबर’ म्हणजे देवमाशाच्या पोटात तयार होणारा सुगंधी पदार्थ. युरोपीय भाषांनी तो शब्द उचलला आणि कालांतराने झाडाच्या अश्मीभूत राळेलाही तेच नाव चिकटले. या राळेला फारसी-उर्दूत खरा शब्द आहे ‘कहरुबा’. काह म्हणजे गवताची काडी आणि रुबा म्हणजे पळवणारा. कापडावर घासला की हा खडा काडीकचरा ओढून घेतो, म्हणून काडीचोर. संस्कृतातला ‘तृणमणी’ हा शब्दही याच गुणावरून आला आहे. दोन भाषांनी एकच गंमत पाहिली आणि एकाच पद्धतीने नाव ठेवले. ग्रीकांनी त्याला ‘इलेक्ट्रॉन’ म्हटले आणि त्यावरून इलेक्ट्रिसिटी आली. अरबीत आजही विजेला ‘कहरबा’च म्हणतात. कैरोत किंवा बगदादमध्ये वीजबिल भरणारा माणूस नकळत याच खड्याचे नाव घेत असतो. कहरुब्याच्या मण्यांच्या तसबीह तर अनेक घरांत दिसतात, अर्थात आता त्यातल्या बऱ्याच प्लास्टिकच्या असतात.

राळ आणि डिंक यांत फरक आहे. बाभळीचा डिंक पाण्यात विरघळतो, राळ विरघळत नाही. झाडाच्या जखमेतून ती ओघळते, वाटेत आलेली मुंगी, माशी, कोळी, पीस, फुलाचा परागकण जे असेल ते कवेत घेते, घट्ट होते आणि मातीखाली गाडली गेली तर कोट्यवधी वर्षांत दगडासारखी होते. दगडातल्या जीवाश्मात प्राणी चेपला जातो. अंबरात तो उभाच्या उभा राहतो, पायावरच्या केसांसकट. त्यामुळे ज्या मुंगीचे दगडात फार तर एक काळपट ठसे उरले असते, तिचा जबडा कोणत्या कोनात वळला होता हे आपण आज पाहू शकतो.

मुंग्यांच्या इतिहासात अंबराने आधीही एक मोठे काम केले होते. १९६७पर्यंत डायनोसोरांच्या युगातली एकही खात्रीची मुंगी कुणाला माहीत नव्हती. मुंग्या गांधीलमाश्यांच्या कुळातून आल्या असाव्यात हा तर्क होता, पण मधला दुवा हातात नव्हता. अमेरिकेत न्यू जर्सीच्या क्लिफवूड बीचवर फ्रे नावाच्या एका हौशी जोडप्याला सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वीच्या अंबरात मुंग्या सापडल्या. तो तुकडा हार्वर्डला एडवर्ड विल्सन यांच्याकडे पोहोचला. विल्सन यांनी पुढे स्वतःच सांगितले आहे की, उत्साहाच्या भरात तो त्यांच्या हातून जमिनीवर पडला आणि फुटला. नशीब असे की, दोन तुकडे झाले आणि दोन्हींत एकेक मुंगी शाबूत राहिली. त्या मुंगीला ‘स्फेकोमिरमा फ्रेयी’ म्हणतात. स्फेको म्हणजे गांधीलमाशी. जबडे गांधीलमाशीसारखे आखूड, पण छातीच्या मागच्या भागात मुंग्यांची खास ग्रंथी. वाटेवरचा जीव जसा असायला हवा होता, साधारण तसाच.

स्फेकोमिरमाने चित्र नीटनेटके केले होते: आधी साधी, गांधीलमाशीसारखी मुंगी, मग हळूहळू गुंतागुंत. हायडोमिरमेक्सने ते बिघडवले. ही मुंगी स्फेकोमिरमाइतकीच, किंबहुना तिच्याहूनही जुनी होती आणि तरी इतकी विशेषीकृत, की आज तिच्यासारखे काहीच उरलेले नाही. सुरुवातीच्या मुंग्या भोळ्याभाबड्या नव्हत्या.

आता हुकाँगकडे जाऊ.

म्यानमारच्या उत्तरेला, काचिन प्रदेशात, अरुणाचल आणि आसामला लागून असलेल्या डोंगरांपलीकडे हुकाँगचे खोरे आहे. तिथले अंबर युनानमार्गे चीनमध्ये शेकडो वर्षे जात आले. मंडालेत त्याचे मणी होत, काचिन बायका कानात अंबराच्या नळकांड्या घालत. १८८५मध्ये इंग्रजांनी तिसऱ्या युद्धात उत्तर ब्रह्मदेश घेतला आणि राजा थिबा याला पकडून हिंदुस्थानात आणले. पुढचा भाग मराठी वाचकाला ठाऊक आहे. १८८६पासून मरेपर्यंत तो रत्नागिरीत नजरकैदेत राहिला. ज्या साम्राज्याने बहादूरशाह जफरला दिल्लीतून रंगूनला नेले, त्यानेच थिबाला मंडालेतून रत्नागिरीला आणले. दोघांच्याही कबरी परक्या मातीत आहेत.

राजा गेला आणि पाठोपाठ भूगर्भशास्त्रज्ञ आले. हा क्रम योगायोगाचा नव्हता. नव्या मुलुखात कोळसा कुठे, तेल कुठे, माणिक कुठे, जेड कुठे याची मोजदाद हे जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचे कामच होते. त्या खात्यातले जर्मन शास्त्रज्ञ फ्रित्झ नोएटलिंग यांनी हुकाँगच्या अंबर खाणींची पाहणी केली आणि १८९३मध्ये खात्याच्या नियतकालिकात त्यावर लेख लिहिला. नमुने डांझिगच्या ओटो हेल्म यांच्याकडे रासायनिक तपासणीला गेले. बाल्टिक समुद्राकाठच्या अंबरापेक्षा हे वेगळे आहे असे ठरले आणि त्याला ‘बर्माइट’ हे नाव मिळाले. खाणी ज्या थरात होत्या त्यावरून नोएटलिंग यांनी त्याचे वय बरेच अलीकडचे मानले.

मंडाले म्हटले की आपल्याला टिळक आठवतात. १९०८ ते १९१४ ते तिथल्या तुरुंगात होते आणि ‘गीतारहस्य’ तिथेच लिहिले गेले. त्याच शहरात त्या काळात आर. सी. जे. स्विनहो नावाचे एक इंग्रज वकील राहत असत. त्यांना अंबरातले किडे जमवण्याचा नाद होता. जमवलेले तुकडे ते अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठातल्या थिओडोर कॉकरेल या कीटकशास्त्रज्ञांकडे पाठवत. १९१६पासून कॉकरेल यांनी त्यांतल्या कीटकांवर लेख लिहायला सुरुवात केली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, ज्याच्या राज्यातून हे अंबर निघाले होते, तो थिबा रत्नागिरीत मरण पावला.

कॉकरेल यांच्या एका गोष्टीला दाद द्यावी लागते. कीटकांची ठेवण पाहून त्यांनी शंका घेतली की हे अंबर भूगर्भशास्त्रज्ञ म्हणतात त्याहून खूप जुने, अगदी डायनोसोरांच्या क्रेटेशस काळातले असू शकेल. ती फारशी कुणी मनावर घेतली नाही. नव्वद-पंच्याण्णव वर्षांनी, २०१२मध्ये, अंबराबरोबरच्या ज्वालामुखीय राखेतल्या झिरकॉन स्फटिकांवरून वय काढले गेले. ते आले सुमारे ९ कोटी ९० लाख वर्षे. खाणीत एकदाही न उतरलेल्या माणसाने माश्यांच्या पंखांवरून केलेला तर्क बरोबर निघाला.

९ कोटी ९० लाख वर्षे म्हणजे किती, याचा आपल्या परिसरातला अंदाज असा, की सह्याद्रीचा काळा पत्थर ज्या लाव्हापासून झाला तो लाव्हा ओतला गेला सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. नरकमुंगी शिकार करत होती तेव्हा सह्याद्री नव्हता, हिमालय नव्हता, आणि हिंदुस्थानचा भूखंड दक्षिणेच्या समुद्रात होता.

मंडालेहून निघालेला संग्रह लंडनच्या संग्रहालयात जमा झाला. कॉकरेल यांनी त्यातल्या अनेक कीटकांना नावे दिली. ही मुंगी मात्र नावावाचून कपाटात राहिली. तिला नाव मिळायला १९९६ उजाडावे लागले. मधल्या काळात दोन महायुद्धे झाली, साम्राज्य गेले, सोव्हिएत संघ आला आणि गेला.

या साऱ्या कागदपत्रांत एक गोष्ट खटकते. नोएटलिंग, हेल्म, स्विनहो, कॉकरेल, द्लुस्की ही सगळी नावे विज्ञानाच्या इतिहासात नोंदलेली आहेत. खड्ड्यात उतरून तो तुकडा वर आणणारा माणूस कुठेच नाही. त्या काळचे हुकाँग ब्रिटिश नकाशात होते, पण प्रत्यक्ष प्रशासनाबाहेर होते आणि तिथे गुलामगिरी चालू होती. जानेवारी १९२५मध्ये ब्रह्मदेशचे गव्हर्नर हारकोर्ट बटलर खोऱ्यातल्या मैंगक्वान गावी गेले, दरबार भरवला आणि गुलामांच्या मुक्तीची घोषणा केली. म्हणजे कॉकरेल यांचे लेख अमेरिकेत छापले जात होते त्या वर्षांत, अंबराच्या या खोऱ्यात माणसे दुसऱ्यांच्या मालकीची होती.

खोऱ्याचे नाव हिंदुस्थानी लोकांच्या तोंडी पुन्हा आले ते १९४२मध्ये. जपानी फौजा ब्रह्मदेशात शिरल्या तेव्हा लाखो हिंदी लोक पायी निघाले. रेल्वेतले कारकून, गोदीतले मजूर, दुकानदार, बायका, मुले. समुद्राची वाट बंद, इतर वाटा तुटत चाललेल्या, तेव्हा हजारो जण हुकाँगमधून पांगसाऊ खिंडीमार्गे आसामातल्या लेडोकडे चालत सुटले. पाऊस, चिखल, हिवताप आणि भूक यांनी त्या वाटेवर किती बळी घेतले! पुढे त्याच खोऱ्यातून अमेरिकनांनी लेडो रस्ता काढला. अंबराचे आजचे मुख्य गाव तनाई याच रस्त्यावर आहे.

ब्रह्मदेश स्वतंत्र झाल्यावर खाणी जवळपास बंद पडल्या. १९६१मध्ये काचिन इंडिपेन्डन्स आर्मी उभी राहिली आणि डोंगर युद्धात गेले. १९९४मध्ये शस्त्रसंधी झाली आणि काही वर्षांत एका कॅनडियन कंपनीने पुन्हा अंबर बाहेर काढायला सुरुवात केली. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीत नवे तुकडे पोहोचले. द्लुस्की यांच्याकडे एकच जुना, फारसा स्वच्छ नसलेला नमुना होता. आता स्वच्छ अंबरात, निरनिराळ्या बाजूंनी पाहता येतील अशा नरकमुंग्या मिळू लागल्या. २०१२मध्ये फिलिप बार्डन आणि डेव्हिड ग्रिमाल्डी यांनी हायडोमिरमेक्सच्या दोन नव्या प्रजाती मांडल्या आणि जबडे उभे, खालून वर चालत असले पाहिजेत हे शरीररचनेवरून दाखवले.

मग एकामागून एक चमत्कारिक नातेवाईक निघाले. २०१६मध्ये ‘सेराटोमिरमेक्स’, जिच्या कपाळावर लांब शिंग होते. २०१७मध्ये ‘लिंग्वामिरमेक्स व्लादी’. लोकांना सुळावर चढवणाऱ्या व्लाड या राजाचे नाव तिला मिळाले, कारण शिकारीला कपाळावरच्या फळीशी दाबून, भोसकून धरायची तिची पद्धत असावी असे दिसते. ती फळी मजबूत राहावी म्हणून तिच्यात धातूचे अंश साठवलेले आढळले. फ्रान्स आणि कॅनडाच्या अंबरांतही या घराण्याच्या मुंग्या निघाल्या. कॅनडातली सर्वांत अलीकडची, सुमारे ७ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीची.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त थक्क केले ते २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुकड्याने. त्यात सेराटोमिरमेक्सची एक कामकरी मुंगी आहे आणि तिच्या जबड्यात झुरळाच्या एका लुप्त नातेवाइकाचे पिल्लू आहे. जबडा खालून वर आलेला, शिंग वरून टेकलेले आणि मधे पिल्लाची मान. पंचवीस वर्षे जो अंदाज केवळ हाडाकाडीवरून, म्हणजे मुंगीच्या बाबतीत कवचावरून, बांधला जात होता, तो राळेच्या एका थेंबाने डोळ्यांसमोर आणून ठेवला. आडव्या जबड्याच्या मुंगीला डोके वळवावे लागत नाही. या मुंग्यांना खालून उचलून धरायचे होते, म्हणून कपाळ बदलले, शिंग आले, मान आणि डोक्याची ठेवण बदलली. जबड्याची दिशा बदलली आणि तिच्या मागे सगळा चेहरा बदलत गेला. इतर काही तुकड्यांत त्या काळच्या मुंग्यांचे घोळके आहेत, एकीत दोन मुंग्या झुंजताना अडकल्या आहेत. म्हणजे समूहाने राहणे आणि समूहासाठी लढणे दोन्ही तेव्हा आलेले होते.

आणि तरीही हे घराणे संपले. डायनोसोरांबरोबर ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या उत्पातात गेले की त्याच्या थोडे आधी ओसरले, यावर वाद आहे. पण त्या सीमेनंतर एकही नरकमुंगी दिसत नाही. गुजरातेत सुरत जिल्ह्यातल्या वस्तानच्या लिग्नाइट खाणीत पाच कोटी वर्षांहून जुने अंबर निघते. आपल्या देशातला हा मोठा ठेवा. ते अंबर ज्या झाडांच्या कुळातले आहे त्याच कुळातला साल वृक्ष आजही राळ देतो. २०१०मध्ये त्यावर पहिला मोठा अभ्यास आला. त्यातही मुंग्या आहेत, पण त्या आजच्या मुंग्यांच्या गोतावळ्यातल्या.

इथे थांबता आले असते तर ही एक सुंदर विज्ञानकथा झाली असती. पण त्या तुकड्यांच्या मागे काय चालले होते ते सांगितल्याशिवाय ती पुरी होत नाही.

२०११मध्ये काचिन आणि लष्कर यांच्यातली शस्त्रसंधी मोडली. त्याच सुमारास चीनमध्ये अंबराला भाव आला. मितकिना आणि सीमेपलीकडच्या युनानमधल्या तेंगचोंगच्या बाजारात किडा असलेला तुकडा, सरडा असलेला तुकडा, पीस असलेला तुकडा यांचे दर चढत गेले. तनाईभोवतीच्या जंगलात जेमतेम एक माणूस उतरेल एवढ्या अरुंद विहिरी खणल्या गेल्या, काही शंभर मीटरपर्यंत खोल. अंगाने किडकिडीत असणे ही तिथली पात्रता होती. दरड कोसळली तर वर यायला दुसरी वाट नाही. खाणींवर काचिन सेना कर घेत होती, लष्करालाही वाटा हवा होता. जून २०१७मध्ये लष्कराने हेलिकॉप्टरमधून पत्रके टाकली: अंबर आणि सोन्याच्या खाणी सोडून निघून जा. हजारो लोक विस्थापित झाले. जानेवारी २०१८मध्ये तनाई भागावर हवाई हल्ले झाले. त्या दोन घटनांच्या मधल्या ऑगस्टमध्ये याच लष्कराने रखाईनमध्ये जे केले, त्यामुळे सात लाखांहून अधिक रोहिंग्यांना बांगलादेशात पळावे लागले. त्याच्या बातम्या आपण वाचल्या. तनाईच्या फारशा वाचल्या नाहीत.

या सगळ्या वर्षांत अंबरावरच्या शोधनिबंधांची संख्या मात्र वाढतच होती. २०१८ संपेपर्यंत म्यानमारच्या अंबरातून हजाराहून अधिक लुप्त प्रजातींना नावे मिळाली होती. एक कायदेशीर गंमतही होती. म्यानमारमधून जीवाश्म परवानगीवाचून बाहेर नेता येत नाही. पण अंबर हे रत्न धरले जाते आणि रत्नांचा व्यापार होतो. मग आतला सरडा जीवाश्म की बाहेरचा खडा रत्न? व्यापाऱ्यांनी सोयीचे उत्तर निवडले, आणि काही शास्त्रज्ञांनी प्रश्नच विचारला नाही.

एप्रिल २०२०मध्ये पृष्ठवंशीय जीवाश्मांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांच्या ‘सोसायटी ऑफ व्हर्टिब्रेट पॅलिऑन्टॉलॉजी’ या संस्थेने तीनशेहून अधिक नियतकालिकांच्या संपादकांना पत्र पाठवले. जून २०१७नंतर घेतलेल्या म्यानमारी अंबरावरचे संशोधन तूर्त छापू नका, अशी त्यात विनंती होती. त्याच्या महिनाभर आधी ‘नेचर’ने याच अंबरातली एक इवलीशी कवटी जगातल्या सर्वांत लहान पक्ष्यासारख्या डायनोसोरची म्हणून मुखपृष्ठावर छापली होती. जुलैत तो लेख मागे घ्यावा लागला. तो सरडा निघाला. घाईचा आणि बाजाराचा संबंध नाही असे कोणी म्हणत असेल तर म्हणो.

पत्राला विरोधही झाला आणि त्या विरोधात तथ्य होते. काही शास्त्रज्ञांनी म्हटले, बहिष्काराने लष्कराचे काय बिघडणार? ज्या कुटुंबाचे पोट खड्ड्यावर आहे त्याचेच बिघडेल. आणि शास्त्रज्ञांनी पाठ फिरवली तर तेच तुकडे खासगी संग्रहांत किंवा दागिन्यांत जातील आणि कायमचे हरवतील. न्यूयॉर्क किंवा बर्लिनमध्ये बसून नैतिक असणे स्वस्त पडते, हे खरे आहे. तरी मला पत्राची बाजू अधिक पटते, आणि त्याचे कारण २०२२मधल्या एका अभ्यासात आहे. १९९०पासूनचे म्यानमारी अंबरावरचे शेकडो शोधनिबंध त्यात तपासले गेले. त्यांत म्यानमारमधल्या लेखकांची नावे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी निघाली. ज्यांच्या जमिनीतून सगळे निघाले त्यांना लेखक म्हणून, सहकारी म्हणून, निदान संग्रहपाल म्हणून जागा द्यायला कोणत्या बहिष्काराने अडवले होते? १९१६मध्ये कॉकरेल यांना मंडालेचा वकील पुरेसा वाटला, हे त्या काळाशी धरून होते. शंभर वर्षांनंतरही बाजारातला दलाल पुरेसा वाटत असेल, तर काळ फक्त कॅलेंडरवर बदलला.

यावर उपाय काहीच अवघड नाही. प्रत्येक शोधनिबंधात नमुना कोणत्या वर्षी खणला गेला, कोणाकडून आणि कोणत्या बाजारातून घेतला, तो आता कुठे आहे, हे छापणे सक्तीचे करावे. काही नियतकालिकांनी असे नियम केलेही आहेत. १ फेब्रुवारी २०२१च्या लष्करी उठावानंतर तर या प्रश्नाला टाळणे आणखीच कठीण झाले.

एप्रिल २०२५मध्ये नरकमुंग्यांच्या घराण्यात आणखी एकीची भर पडली. तिचे नाव ‘व्हल्कॅनिड्रिस क्रॅटेन्सिस’, वय सुमारे ११ कोटी ३० लाख वर्षे. आजवरची ही सर्वांत जुनी निर्विवाद मुंगी. ती अंबरातली नाही, ईशान्य ब्राझीलच्या चुनखडकातली आहे, आणि साओ पाउलो विद्यापीठाच्या प्राणिसंग्रहालयातल्या, म्हणजे म्युझियममधल्या, संग्रहात ती ब्राझीलच्याच संशोधकांना सापडली. ब्राझीलने १९४२मध्येच कायदा करून देशातले सगळे जीवाश्म सरकारी मालकीचे ठरवले होते. तो कायदा वर्षानुवर्षे धाब्यावर बसवला गेला, तस्करी झाली, जर्मनीच्या संग्रहालयात गेलेला एक डायनोसोर बऱ्याच भांडणानंतर २०२३मध्ये परत आला. पण कायदा होता, म्हणून भांडता आले. व्हल्कॅनिड्रिसचा दगड देशाबाहेर न जाता सूक्ष्म सीटी स्कॅनखाली गेला, आणि पुढे वळलेले ते विळे दिसले. हायडोमिरमेक्स सर्बेरसचा मूळ नमुना अजून लंडनमध्येच आहे.